भाऊजींच्या मुरलेल्या तारा

“आवाज गिटारीत नसतो, बोटांत नसतो, आणि त्या कपाटाएवढ्या अँप्लिफायरमध्ये तर मुळीच नसतो. आवाज असतो तारांवरच्या मळात!” असं म्हणून भाऊजींनी सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू विजेचा शोध त्यांनी लावलाय आणि बाकीच्यांनी नुसतेच दिवे लावलेत!

भाऊजी म्हणजे कुणाचे भाऊजी, तर ड्रमवाल्याचे. ड्रमवाला हा त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. तो भाऊजी म्हणायचा, म्हणून बँडमधला गिटारवाला म्हणायला लागला, मग गायिका, मग हॉलचा मॅनेजर, मग माइक लावणारा. शेवटी तर त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा “अहो भाऊजी, जरा सरका, फोटोत येताय!” म्हणायला लागली. आणि भाऊजी सरकायचे! बेस गिटार वाजवणाऱ्याची जागाच मुळी तशी. ड्रमच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या घडीत, जिथे पंख्याचा वाराही वळून जात नाही.

नोकरी लिफ्ट तपासनिसाची. लिफ्टच्या दोराचा एक धागा सुटलेला दिसला की झालं! लिफ्ट बंद, दाराला कुलूप, वर लाल पाटी. मग अख्खी इमारत जिने चढता चढता भाऊजींच्या नावानं बोटं मोडायची. कामात असा कडक माणूस. आणि घरी? घरी बेसवर चार तारा होत्या, त्या लग्नाच्या आधीपासूनच्या! कधी बदलल्या नाहीत, पुसल्या नाहीत, त्यांच्यावर फुंकरसुद्धा मारली नाही.

बायको म्हणायची, “अहो, लोकांना दोर बदलायला लावता, आणि स्वतःचं काय? त्या तारांना वास येतो!”

“अगं, लिफ्टचा दोर जुना झाला तर माणूस मरतो. बेसची तार नवी केली तर आवाज मरतो. माणसं पुष्कळ आहेत!”

तारांबद्दल असे, तर बाकीच्या बेसवाल्यांबद्दल कसे असतील? भाऊजींच्या तावडीतून एकही सुटला नव्हता. पट्टा लांब करून बेस गुडघ्यावर लोंबकळवणारा दिसला की म्हणायचे, “हा वाजवतोय, की पडलेली किल्ली शोधतोय?” पट्टा आखूड करून हनुवटीशी धरणारा दिसला की, “बाळाला ढेकर काढतोय वाटतं!” तारांवर थपडा मारून वाजवणाऱ्याला, “तारेनं तुझं काय घोडं मारलंय रे?” पाच तारांचा बेस घेऊन कुणी आला, तर त्याला पाणीसुद्धा न विचारता, “जिन्याला एक पायरी जास्त केली म्हणून माणूस स्वर्गात जात नाही!” आणि पायाखाली आवाज बदलणाऱ्या पेडलांची ओळ मांडणाऱ्यांवर तर खास राग. “लिफ्टमध्येही एवढी बटणं नसतात! आणि लिफ्ट निदान वर तरी जाते!”

हे सगळं खरं. पण आतली गोष्ट वेगळीच होती. भाऊजींच्या मनात एक काटा सलत होता. कार्यक्रम संपताना गायिका सगळ्यांची ओळख करून द्यायची. “ड्रमवर आपला लाडका अमुक! गिटारवर आपला छबीदार तमुक! आणि...” इथे भाऊजी शर्टाची कॉलर सरळ करायचे, एक पाऊल पुढे टाकायचे. “...आणि आता वळू या शेवटच्या गाण्याकडे!” भाऊजी ते पाऊल तसंच मागे घ्यायचे. इतकी वर्षं पुढे-मागे, पुढे-मागे! स्टेजच्या लाकडी फळीला तिथे खळगा पडला होता म्हणतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, पाणी साठतं त्यात!

अशा माणसाकडे एक दिवस रेकॉर्डिंगवाले काका येणार म्हटल्यावर काय होईल?

हे काका जुन्या वळणाच्या गाण्यांची एक नवी रेकॉर्ड करत होते. त्यांना बेसचा आवाज हवा होता जुना, जाडा, मऊ. उशीवर धपाटा घातल्यासारखा. गायिका सहज बोलून गेली, “आमच्याकडे एक आहेत, त्यांच्या तारा त्यांच्या लग्नापेक्षा जुन्या आहेत.” काका म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी सकाळी घरी येऊन ऐकतो. आवाज पटला तर रेकॉर्डवर तेच. कव्हरवर नाव छापीन.”

नाव! छापील! भाऊजींना त्या रात्री झोपेतसुद्धा कॉलर सरळ करताना बायकोनं पाहिलं.

आता नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई मुक्कामाला आल्या. सासूबाई म्हणजे स्वच्छतेच्या बाबतीत वादळ! त्या ज्या घरात राहतात, तिथल्या पाली आपणहून पाय पुसून आत येतात. आल्या आल्या त्यांनी पंखे पुसले, पंख्यांची बटणं पुसली, बटणांमागची भिंत पुसली. आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या बेसवर गेली. तारा काळ्या. तारांखाली एक राखाडी लोकर साठलेली. त्यांनी बोट लावलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

“जावईबापू, यावर काही मेलंय का?”

“आई, हात लावू नका! तो मळ नाही, ती कमाई आहे!” भाऊजी मध्ये येऊन उभे राहिले, गाडीखाली येणाऱ्या लेकराला वाचवायला धावावं तसे.

आणि मग संध्याकाळी जेवताना त्यांनी सासूबाईंना व्याख्यान दिलं. वाट्या बाजूला सारून, ताटावर बोटांनी ठेका धरून! मळ कसा मुरतो, घाम कसा मुरतो, तार कशी हळूहळू बोलायची थांबते आणि नुसती हुंकारायला लागते. “नवी तार म्हणजे नुसती बडबड! जुनी तार म्हणजे घरातली वडीलधारी. एकच हुं, पण सगळे गप्प! आणि काही अक्कलशून्य माणसं काय करतात माहितीये, आई? तारा काढतात, पातेल्यात पाणी उकळतात, त्यात सोडतात! मस्त खळखळ उकळतात! वर साबणाचे दोन थेंब! मग पुसून वाळवतात की झाल्या अगदी नव्यासारख्या चकचकीत! शी!”

सासूबाई मान डोलवत ऐकत होत्या. आता बायका स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या काय करत आल्या? सांगणाऱ्याची बडबड सोडून द्यायची आणि कृती तेवढी लक्षात ठेवायची. व्याख्यानातला ‘शी’ भाऊजींच्या ताटातच राहिला. सासूबाईंच्या डोक्यात गेलं ते एवढंच. पातेलं, पाणी, खळखळ, साबणाचे दोन थेंब.

सुट्टीची सकाळ उजाडली. भाऊजी दाढी-कटिंगला गेले. छापील माणसाचे केस कसे असावेत हे त्यांनी न्हाव्याला बराच वेळ समजावलं. बायको काकांसाठी बिस्किटं आणायला कोपऱ्यावर गेली. घरात सासूबाई एकट्या, समोर बेस, आणि पाहुणा यायचाय!

“पोरीच्या घरी मोठा माणूस यायचा आणि त्याच्यासमोर हे असलं घाणेरडं वाद्य? माझ्या मेलीच्या देखत?” सासूबाईंनी पदर खोचला.

भाऊजी परत आले ते शीळ घालत. इमारतीखाली उभं राहून सवयीनं वर बघितलं. बाल्कनीच्या दोरीवर उशीचा अभ्रा होता. टॉवेल होता. आणि दोन्हींच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या चिमट्यांना लटकलेल्या चार तारा! अशा लखलखत होत्या, की समोरच्या गच्चीवरची मांजर डोळे मिचकावत उठून गेली!

लिफ्ट तपासनीस असून भाऊजी त्या दिवशी जिन्यानं धावले. लिफ्टची वाट बघण्याइतकं काळीज शिल्लक नव्हतं.

“आई!!!”

“आलात? बघा, चारही निघाल्या! काय मळ होता हो, पातेल्यातलं पाणी काळं कुळकुळीत! दोनदा बदललं!”

“पाणी कुठंय?” भाऊजी ओरडले. “ते पाणी कुठंय?”

“ओतलं की मोरीत.”

भाऊजी मोरीजवळ गुडघे टेकून बसले. सगळी कमाई, सगळा घाम, गायिकेनं न घेतलेलं ते नाव, सगळं गटारात! बायको बिस्किटांचा पुडा घेऊन दारात आली, तर नवरा मोरीकडे बघून पुटपुटतोय आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय.

“आई, काय झालं गं? यांना उलटी झाली का?”

“नाही गं. मी त्यांच्या तारा धुतल्या तर आनंदानं बिचाऱ्याला रडूच आलं!”

तेवढ्यात मेहुणा, म्हणजे तो ड्रमवाला, काकांच्या आधी हजर राहायचं म्हणून आला. त्यानं हसू दाबत तारा बेसवर चढवायला मदत केली. खुंट्या पिळल्या, बेस अँपला जोडला. भाऊजींनी पहिली तार छेडली.

खणण!

स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा आवाज! शोकेसमधली बाहुली उलटी फिरली. भाऊजींनी डोळे मिटून गाण्याचं धृपद वाजवलं. खण खण खणाण खण!

“अय्या!” बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. “तुम्ही हे वाजवता होय? इतकी वर्षं मला वाटायचं, नुसता अँप घुमतो!”

“भाऊजी,” मेहुण्यानं डोकं खाजवलं, “तिसऱ्या ओळीत तुम्ही चुकता?”

“कोण चुकतं?”

“परत वाजवा बरं.”

भाऊजींनी परत वाजवलं.

“चुकता की हो! म्हणजे दर कार्यक्रमात चुकत होता? आणि मी तिथं प्रत्येक वेळी गिटारवाल्याला शिव्या घालत होतो!”

घ्या! जुन्या तारांनी इतकी वर्षं जे पोटात घातलं होतं, ते नव्या तोंडानं एका दमात जगजाहीर केलं. भाऊजींचा चेहरा पातेल्यातल्या पाण्यासारखा झाला, म्हणजे पहिल्या पाण्यासारखा.

“काका यायच्या आत या तारा मळल्या पाहिजेत!” भाऊजी उभे राहिले. लिफ्ट अडकल्यावर सोडतात तसा हुकूम सोडला. “सगळ्यांनी हात घाण करा!”

सासूबाईंना असला हुकूम जन्मात कुणी दिला नव्हता. त्या तर खुर्चीच धरून बसल्या. पण चूक आपली, तेव्हा भरून आपणच द्यायची, म्हणून डोक्याचं तेल घेऊन आल्या. बायकोनं कपाटावरची धूळ काढायला स्टूल घेतलं, तर कपाटावर धूळच नाही!

“आई, धूळ कुठं गेली?”

“परवा पुसलं गं मी.”

“माळ्यावर?”

“तोही पुसला.”

“पलंगाखाली?”

सासूबाई रडकुंडीला आल्या. “नका गं असं बघू, मला वाटलं तुला बरं वाटेल!”

त्या अख्ख्या घरात चिमूटभर धूळ मिळेना! शेवटी मेहुण्यानं आपल्या बुटांचे तळ खरवडले. तेल आणि ती माती यांचा लेप तारांवर चोपडला. भाऊजींनी वाजवायला बोट ठेवलं, तर बोट घसरगुंडीवरून जावं तसं सुर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि बेसनं मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी फोडली.

“समोरच्या गॅरेजवाल्याला बोलव!” भाऊजी म्हणाले. “त्याच्या हातावर काही नाही तरी वंगणाचे सात थर असतील!”

गॅरेजवाला आला. भला माणूस, दारातच हात पुसायला लागला.

“पुसू नका!” चौघंही एका सुरात ओरडले.

तो दचकला. मग त्याला खुर्चीवर बसवलं, मांडीवर बेस दिला आणि सांगितलं, “कुरवाळा.”

“काय कुरवाळू?”

“तारा! प्रेमानं!”

गॅरेजवाल्यानं आयुष्यात बऱ्याच अडचणीतल्या माणसांना मदत केली होती, पण अशी कधी नव्हती. तो बिचारा लाजत लाजत कुरवाळू लागला. तारा काळ्या झाल्या, अगदी पहिल्यासारख्या झाल्या. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तार छेडली.

खणण!

तोंड काळं केलं म्हणून काय जीभ थांबते? वाजायचं ते वाजलंच!

आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली. सगळे दाराकडे वळले. पण काका नव्हते, खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. तोंडावर मास्क, हातात मोजे, डोळ्यांत अंगार. दात सुट्टी बघत नाहीत, म्हणून त्यांचा दवाखाना रोज सुरू.

“काय चाललंय काय वर? माझा पेशंट खुर्चीतून उठून पळाला! म्हणतो, डॉक्टर, तुमचं मशीन बंद करा! अहो, मी अजून त्याला आ करायला सांगितलं नव्हतं! इतकी वर्षं तुम्ही वाजवताय, मला कधी कळलं नाही. आज काय दाढ उपटताय बेसची?”

“डॉक्टर, तुमचे हात...” मेहुण्यानं आशेनं बघितलं.

“नको नको, यांचे नकोत,” भाऊजी विव्हळले, “यांचे आईंच्यापेक्षा स्वच्छ!”

सगळी हकिगत ऐकल्यावर डॉक्टरांचा राग उतरला. हसू मात्र मास्कमध्ये मावेना. ते म्हणाले, “आवाज बंद करायचा तर कापूस कोंबा. मी दिवसभर तेच करतो.” आणि खिशातून कापसाची वळकटी काढून त्यांनी तारांखाली, बेसच्या शेपटाकडे सरकवली. भाऊजींनी तार छेडली. काय आश्चर्य! अर्धा सेकंद आवाज मऊ आला. मग कापूस भुर्रकन उडून गॅरेजवाल्याच्या मिशीला चिकटला.

“थोडं जाड काहीतरी हवं,” डॉक्टर म्हणाले. “जाड, मऊ, आणि जागा सोडणार नाही असं.”

सगळे विचार करताहेत. आणि तेवढ्यात बेल! ही बेल वेगळी होती. सावकाश, एकदाच, मोठ्या माणसाची.

सासूबाई उठल्या. चेहऱ्यावर तोच भाव, जो दूध उतू जाताना असतो. स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यात पडलेला भांडी घासायचा स्पंज उचलला, आल्या, आणि तारांखाली असा दाबून बसवला, की लिफ्टचा ब्रेकसुद्धा इतका घट्ट बसत नाही.

“उघडा दार!”

काका आत आले. पांढरी दाढी, खांद्याला कापडी पिशवी, आणि डोळे असे, की माणसाकडे बघतानासुद्धा ऐकतोय असं वाटावं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मोजे घातलेले डॉक्टर, मिशीत कापूस अडकलेला गॅरेजवाला, बुटांचे तळ खरवडून एका पायात बूट घालून उभा ड्रमवाला.

“ही मंडळी?”

“श्रोते!” भाऊजींनी ठोकून दिलं. “नेहमीचे!”

“तारा किती जुन्या?”

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण बेसवाल्याला बोलायची संधी आयुष्यात एकदा मिळते! “लग्नाच्या आधीच्या!” भाऊजींची छाती फुगली. “पाण्याचा थेंब लागू दिला नाही! घरच्यांना सक्त ताकीद आहे!”

सासूबाईंना ठसका लागला.

काका खुर्चीत बसले. “वाजवा,” म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

भाऊजींनी वाजवलं. धुम्. धुम् धुम्. धुम्. अहाहा! जुना, जाडा, मऊ! उशीवर धपाटा नव्हे, सायीवर बोट! असा आवाज तर त्या मळक्या तारांनीही कधी दिला नव्हता. भाऊजींचे स्वतःचे डोळे मिटले. काका मान हलवायला लागले. आणि बाकीच्या सगळ्यांचे डोळे मात्र बटाट्याएवढे मोठे झाले!

कारण सासूबाईंनी स्पंज उचलला होता, पिळला नव्हता. त्यात साबण होता. तार हलली की स्पंज दबायचा, स्पंज दबला की फेस यायचा, आणि फेसातून, प्रत्येक धुम्-ला एक, टपोरा गोल फुगा निघून हवेत तरंगायचा!

धुम्. एक फुगा. धुम् धुम्. दोन फुगे, इंद्रधनुष्यासकट!

बायकोनं पदरानं पहिला पकडला. मेहुण्यानं दोन्ही हातांनी दुसरा फोडला. टाळी वाजली.

“टाळ्या नंतर,” काका डोळे मिटूनच म्हणाले.

डॉक्टर फुग्यांच्या मागे चवड्यांवर धावत होते. गॅरेजवाला फुंकर मारून फुगे खिडकीकडे हाकलत होता, ते खिडकीशी जाऊन परत येत होते. सासूबाई हातात ताट घेऊन, माशी मारावी तशा, पण अजिबात आवाज न करता, काकांच्या डोक्याभोवती ताट फिरवत होत्या. आणि भाऊजी? ते दुसऱ्याच जगात! दुसरं कडवं सुरू झालं, लय वाढली. फुगे आता घोळक्यानं निघायला लागले. एक मोठा, डौलदार, सगळ्यांना चुकवत निघाला. डॉक्टरांच्या बोटांतून सुटला, ताटाच्या कडेवरून वळला आणि अलगद काकांच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

टप्.

काकांनी डोळे उघडले.

खोलीत ढग जमल्यासारखे फुगे. त्यामध्ये एक तपासनीस, डोळे मिटून, चेहऱ्यावर ब्रह्मानंद, आणि त्याच्या बेसच्या शेपटाकडून फेसाचा एक ओघळ पँटवर, तिथून चटईवर. काका उठले. जवळ गेले. वाकले. दोन बोटांनी हिरवा स्पंज उचलला.

खणण!

भाऊजींनी डोळे उघडले. समोर काका, काकांच्या हातात स्पंज. गेलं! नाव गेलं, छपाई गेली, आता जन्मभर ते एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे!

“माझी चूक आहे हो!” सासूबाई ताट टाकून पुढे आल्या. “मी उकळल्या तारा! त्यांना नका काही बोलू. माझ्या जावयाला एवढंच हवं होतं, कुणीतरी ऐकावं. इतकी वर्षं आम्ही घरातली माणसंसुद्धा...” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

भाऊजी त्यांच्याकडे बघतच राहिले. व्याख्यान चालू असताना या बाईनं पातेल्याशिवाय आणखीही काही ऐकलं होतं म्हणायचं!

काका स्पंजकडे बघत होते. मग त्यांच्या दाढीतून काहीतरी हललं. ते हसू होतं.

“या आवाजासाठी मी कुठे कुठे फिरलो,” ते म्हणाले. “जो तो मला तारांचं वय सांगतो, लाकडाचं कूळ सांगतो, अँपची जन्मकथा सांगतो. आवाज काही येत नाही! इथे पहिल्यांदा आला, तर सोबत लिंबाचा वास.” त्यांनी स्पंज सासूबाईंच्या हातात दिला. “स्टुडिओत या. हा घेऊन या. साबण मात्र काढा, माझी मशिनं शॉक देतात.”

भाऊजींनी आपोआप कॉलर सरळ केली.

“आणि हो,” काका दारातून वळले, “तिसऱ्या ओळीत चुकता. ते घरी ठेवून या.”

रेकॉर्ड झाली, निघालीसुद्धा. भाऊजींनी कव्हर उलटलं. मागे बारीक अक्षरांत नावांची ओळ होती. त्यांनी चष्मा लावला, मग काढून पुसला, मग परत लावला. छापलं होतं, ‘बेस गिटार: भाऊजी’.

काय करणार? काकांनी गायिकेला विचारलं, गायिकेनं गिटारवाल्याला, गिटारवाल्यानं मेहुण्याला. तो म्हणाला, “भाऊजी म्हणजे... भाऊजी!” त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याच्याच खाली, स्वच्छ ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘स्पंज: सासूबाई’.

तरी भाऊजी खूश. ऑफिसात ते कव्हर घेऊन टेबलाटेबलांवरून फिरले. “हे बघा, भाऊजी म्हणजे मीच!” लोक विचारायचे, “कुणाचे?” तेवढं सोडलं तर दिवस झकास गेला.

आता त्यांचं जुनं मत बदललं आहे. ते म्हणतात, “तारांचं काय घेऊन बसलात? तारा बदला रोज! आवाज असतो स्पंजात! हा स्पंज मुरला पाहिजे. याला हात लावाल तर याद राखा!” रेकॉर्डवरचा तो हिरवा स्पंज बेसच्या तारांखालीच असतो. तो काढायचा नाही, धुवायचा नाही, त्याच्यावर फुंकरसुद्धा मारायची नाही.

परवाचीच गोष्ट. भाऊजी आत बसून वाजवत होते, धुम् धुम् धुम्. मध्येच थांबून ओरडले, “ऐकलंत का? बघा, आता कसा मुरायला लागला!”

स्वयंपाकघरात अजून मुक्कामाला असलेल्या सासूबाई करपलेलं पातेलं घासत होत्या. हातात रेकॉर्डवाला हिरवा स्पंज होता. दर सोमवारी बेसखालचा स्पंज काढून त्या तिथे कोरा सरकवून ठेवतात. घरात घाण वास नको म्हणून!

“ऐकलं हो, जावईबापू!” त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग हळूच लेकीला, “काय गं, वाजवत होते का आत्ता?”